टॉवेलची जर्सी

"मी उडी मारली न्हाय म्हणतीस? मग ह्यो गुडघा काय आपोआप फुटला?"

"जिन्यात फुटला. बुधवारी, पाण्याची बादली वर नेताना. मी मागंच हुते की!"

बिरप्पानं गुडघा झाकून घेतला. त्याच्या बायकोच्या, सिद्धेश्वरीच्या हातात त्याची गोलकीपरची जर्सी होती, आणि तिच्याशी वाद घालणं सोपं नव्हतं.

ही जर्सी टॉवेलच्या कापडाची. बिरप्पा यंत्रमागावर टॉवेल विणायचा. त्यांच्या भागात शुक्रवारी वीज बंद, म्हणून माग बंद. रिकामे कामगार कारखान्यामागच्या मुरमाड मैदानावर चेंडू लाथाडायचे. त्यातूनच 'धोटा इलेव्हन' उभी राहिली. मागावरचा धोटा जसा इकडून तिकडं पळतो, तशी पळणारी. शेटनं नापास टॉवेलचा अख्खा तागा दिला आणि बायकांनी अकरा जर्स्या शिवल्या. पहिल्याच मॅचला घामानं त्या अशा भिजल्या की हाफटाइमला पिळाव्या लागल्या. समोरचा संघ हसण्यात दंग असताना ह्यांनी दोन गोल केले.

पुढं सगळ्यांनी पातळ, चकचकीत जर्स्या घेतल्या. बिरप्पानं मात्र टॉवेलचीच ठेवली. मुरमावर पडलं तर अंग सोलवटत नाही, म्हणायचा. फाटली की नवी शिवायची, पण कापड तेच. त्या कापडात लाल माती अशी रुतायची की सिद्धेश्वरी धोंड्यावर आपटून आपटून दमायची. ती मैदानावर कधी गेली नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी मोरीत बसल्या बसल्या सांगायची, "आज डावीकडं लई पडलात व्हय?"

आज तिनं जर्सी पोराच्या, नंदीशच्या ताटासमोर झटकली. कणभर माती उडाली नाही.

"सलग तिसरा शुक्रवार. नुसता घामाचा वास. गोलात उभं ऱ्हाता का बस स्टँडवर?"

बिरप्पाला हसू येता येता राहिलं. गेले तीन शुक्रवार चेंडू येताना दिसायचा, मन उडी मारायचं, पण गुडघा जागचा हलायचा नाही. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी फायनल होती. तेवढी एक खेळून मग थांबू, एवढंच त्याच्या मनात होतं.

नंदीशनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. चार वर्षं तो राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसून होता.

"आई, अप्पांनी उडी मारली की. मी बघितलंय. उजवीकडं."

"मग माती कुटं गेली रं?"

"ते... वाऱ्यानं गेली असंल."

बिरप्पानं पोराकडं पाहिलं. नंदीश कान लाल करून आमटीत बघत होता. गोलात उभं राहायचं सोडून बाकी काही ह्यानं कधी मागितलं नव्हतं, आणि आता तोच बापासाठी खोटं बोलत होता. तेही धड नाही.

बिरप्पानं बायकोच्या हातातली जर्सी घेतली आणि नंदीशच्या मांडीवर टाकली.

"शुक्रवारी गोलात नंदीश उभा ऱ्हाईल," तो म्हणाला. "मी पाण्याच्या बाटल्या बघीन. वाढ आता."