सासूचं गाऱ्हाणं

ख्मेर मुलखातल्या सांबोर प्रे कुकच्या विटांच्या जुन्या देवळांत झाडलोट करणाऱ्या सारोमला मंत्र येतो, हे सगळं गाव धरून चाललं होतं. पोराला ताप आला, गाय खाईनाशी झाली, की बायका केळी नि अगरबत्ती घेऊन तिच्या दारात हजर. सारोम त्यांना झाडाच्या मुळ्यांनी कवटाळलेल्या देवळात नेई, तिथल्या राखणदार देवासमोर बसे आणि कुणालाच न कळणाऱ्या भाषेत पुटपुटू लागे. "राजांच्या वेळची भाषा आहे ती," शेजारची नारेत ठासून सांगे. नारेतला राजांच्या वेळचं काय ठाऊक होतं, तो राखणदारच जाणे. पण पोरांचे ताप उतरत, कारण ताप बहुतेक उतरतातच.

खरं सांगायचं तर तो मंत्रबिंत्र काही नव्हता. सारोम उत्तरेकडच्या रानातली, कुय लोकांची पोर. लग्न होऊन ह्या ख्मेर गावात आली त्या दिवशी जेवताना ती भाताला आपल्या भाषेत 'दोय' म्हणाली, आणि सासूने, यिमने, तिच्या तोंडावर हातच ठेवला.

"ह्या घरात ही भाषा नको. भिंतींनासुद्धा ऐकू देऊ नकोस."

नवरा वुत खाली मान घालून जेवत राहिला. सारोमने भाषा गिळली. पण गिळलेलं सगळंच पचत नाही. देवळात ती एकटी असे आणि राखणदार काही चुगली करणारा नव्हता, म्हणून ती त्याला कुय भाषेत सासूचे गुण सांगू लागली. म्हातारी मासळीचं डोकं स्वतःच्याच ताटात ओढते. म्हातारीचं तोंड म्हणजे फुटका ढोल. म्हातारीला लवकर ने. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांनी ते ऐकलं आणि हात जोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सारोमनेही ती उघडली नाही.

दर पौर्णिमेला यिमही सुनेबरोबर देवळात यायची आणि मागच्या पायरीवर पान चघळत, डोळे मिटून बसायची. सारोमला त्यात भारी गंमत वाटे. सासूच्या देखत सासूला शिव्या घालायच्या आणि सासूने त्या भक्तिभावाने ऐकायच्या, हे सुख किती सुनांच्या नशिबी असतं?

पुढे यिमने अंथरूण धरलं. दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं. घर बायाबापड्यांनी भरलं.

"बसलीस काय अशी? म्हण की तुझा मंत्र," नारेत म्हणाली.

राखणदाराकडे सारोमने इतकी वर्षं एकच मागणं मागितलं होतं, आणि आता ते त्याने ऐकलेलं दिसत होतं. सासूने जावं असं तिला कधीपासून वाटेनासं झालं होतं, ते तिलाही आठवेना. तोंडातली सवय मात्र सुटली नव्हती.

"सगळ्यांना खाली पाठव," यिम क्षीण आवाजात म्हणाली. लोक जिना उतरून खांबांवरच्या घराखाली जाऊन बसले. "हं. म्हण आता."

सारोमने अगरबत्ती पेटवली, डोळे मिटले आणि कुय भाषेत बोलू लागली. "राखणदारबाबा, ते मागचं सगळं परत घेते. रागात बोलले. हिला राहू दे. माझं दुसरं कोण आहे घरात भांडायला?"

"आणि मासळीच्या डोक्याचं?" यिम म्हणाली. "तेही परत घेतलंस का?"

कुय भाषेत म्हणाली. सारोमच्या हातातली अगरबत्ती चटईवर पडली.

"आई, तुम्हांला कळत होतं?"

"कळायला काय झालं? मीही कुयच. काळ्या कपडेवाल्यांच्या राज्यात ख्मेर सोडून दुसरी भाषा बोलायला बंदी होती. माझी थोरली बहीण शेतात आपल्या भाषेत भात मागून बसली. तिला घेऊन गेले, ती आलीच नाही. त्यानंतर मी ख्मेर झाले. वुतलाही सांगितलं नाही."

"मग देवळात मला बोलू कसं दिलंत?"

"आपली भाषा कुठेतरी कानावर पडत होती ना," यिम म्हणाली. "शिव्या तर शिव्या."

सारोमला रडू आवरेना. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "थोडा दोय आणू?" म्हातारीने मान डोलावली.

खाली नारेतने फळ्यांच्या फटीतून दोन आवाज ऐकले आणि राखणदार स्वतः उत्तर देतोय, असं सगळ्यांना सांगून टाकलं.

यिम त्याच आठवड्यात गेली. पुढच्या पौर्णिमेला नारेत आपल्या नातवासाठी केळी घेऊन आली. सारोम राखणदारासमोर जाऊन बसली. तिने एकदा वळून मागच्या रिकाम्या पायरीकडे पाहिलं.