गप्पांचा रकाना

पिंपरीच्या नव्या कारखान्यातले एक साहेब आमच्या विद्यापीठाच्या कचेरीत कामाची मोजणी करायला आले, तेव्हा मी अर्जांच्या खिडकीवर टेंपररी कारकून होतो. आमच्या शाखेला पाच कारकून लागतात की चार, हे ते ठरवणार होते. पाचवा मी. रहाटणीत वडील भेटेल त्याला सांगत होते की पोरगा आता कायम होणार.

साहेबांनी प्रत्येकाला तक्ते वाटले. केलेलं काम आणि लागलेली मिनिटं, पंधरा दिवस लिहायची. त्या पंधरा दिवसांत कचेरी अशी काही कामाला लागली की विचारू नका. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं विड्याचं पान जुळवणंसुद्धा ‘कागदपत्रांची जुळवाजुळव’ म्हणून नोंदलं गेलं. हेडक्लार्कनी मलाही हात सैल सोडून लिहायला सुचवलं. पण मला तेव्हा माझ्या खरेपणाची भारी ऐट होती.

मी अर्ज तपासण्याची मिनिटं लिहिली, शिक्का मारण्याची लिहिली, आणि उरलेल्या वेळासाठी पट्टीने एक नवा रकाना आखला: गप्पा. चाकणकडून, मावळातून मुलांचे अर्ज घेऊन वडीलमंडळी यायची. माणूस दारात आला की पाणी द्यायचं, गाव विचारायचं, कांदा कसा आहे विचारायचं, ही आमच्याकडची रीत. तिला काम म्हणायला माझी जीभ रेटेना.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बेरीज केली. माझं काम रोजचं पावणेतीन तास निघालं, बाकी सगळ्या गप्पा. मला साहेबांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या पट्टीचा.

साहेब मात्र चौकस. दुसऱ्या दिवशी मला शेजारी गप्प बसवून ते स्वतः खिडकीवर बसले. एक शब्द जादा नाही. अर्ज घेतला, शिक्का मारला, पुढचा. दुपारपर्यंत आतल्या टेबलावर ढीग झाला. कुठे सही नाही, कुठे दाखला नाही. चौघे कारकून अर्ज परत पाठवण्याची पत्रं खरडत बसले. शेवटी हेडक्लार्कनी टाक खाली ठेवला.

“साहेब, एवढी पत्रं आम्ही महिन्यात लिहीत नाही.”

तेवढ्यात चाकणचे एक म्हातारे आले. साहेबांनी पालकाची सही कुठे म्हणून विचारलं, तर ते नुसते बघत राहिले. साहेबांनी मला खूण केली. मी पाणी दिलं, गाव विचारलं, घरचं विचारलं. बोलता बोलता कळलं की मुलाचा बाप वारला आहे आणि नातवाला हेच सांभाळतात. सही त्यांचीच चालणार होती. त्यांनी अंगठा उठवला आणि अर्ज तिथल्या तिथे पुरा झाला.

साहेबांनी हातातलं घड्याळ बंद केलं. “सात मिनिटं,” ते म्हणाले. मग माझा तक्ता ओढून त्यांनी ‘गप्पा’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘काम’. अहवालात पाच कारकून कायम राहिले.

संध्याकाळी मी सायकल जवळजवळ उडवतच घरी नेली आणि वडिलांना सगळं सांगितलं.

“बोलनं बी काम हाय व्हय?” ते म्हणाले. “आन आमी तुला ल्हानपनापास्नं गप बस, गप बस म्हनत आलो.”