सुती स्वेटर
ओल्या सुताचा वास आला की मला पांढुर्ण्याच्या आमच्या अंगणातली कपडे वाळवायची तार आठवते. आईला हाताने काहीतरी करून बघायचा नाद होता. कुकरची शिट्टी काढून, आत वाळू तापवून ती संत्र्याच्या सालीचा केक करायची आणि तो एका बाजूने हमखास करपायचा. त्या वर्षी तिने शेतातल्या पहिल्या वेच्याचा कापूस टकळीवर कातला, चार-चार पदर पिळले आणि बाबांसाठी स्वेटर विणायला घेतला. "लोकर टोचते त्यांना," ती म्हणायची. एक बाही राहिली होती तेव्हा बाबा गेले. तेरवी झाल्यावर तिने ती बाही पुरी केली, स्वेटर धुतला आणि तारेवर टाकला. सूत भिजलं की आपल्याच वजनाने लांबतं, हे तिला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत तो गुडघ्याला लागेल एवढा झाला. मला रडू आलं नाही, हसूही नाही. टपकणारं पाणी बघत मी ओट्यावर बसून होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, लोंबून राहिला ना तो, काढा." आई म्हणाली, "राहू द्या. वाळला की येईल मापात." संध्याकाळी वाळला, पण मापात आला नाही. आता दरवर्षी थंडीआधी मी तो धुतो आणि खाटेवर आडवा पसरतो. सुती स्वेटर असाच वाळवायचा असतो. बाह्या सरळ करून तो मापात बसवताना मात्र मला दरवेळी बाबांची उंची आठवावी लागते, आणि आताशा ती नक्की आठवत नाही.