नंदीच्या खुराला पाणी

शशिधर पाण्याचा माणूस. म्हणजे पोहणारा नव्हे, पाणी वाचणारा. कोल्हापूरच्या खाली, पंचगंगेच्या एका बंधाऱ्यावर फूट-इंचांची पट्टी रंगवलेली होती. ती बघायची, वहीत लिहायची आणि फोनवरून कचेरीला कळवायची, ही त्याची नोकरी. पावसाळ्यात तासातासाला. गावात कुणी पाणी किती म्हणून विचारलं की हा इंचासकट सांगायचा, आणि विचारणारा मान हलवून देवळाकडं बघायला जायचा. कारण गावाची पट्टी वेगळी होती.

गावाची पट्टी म्हणजे महादेवाच्या देवळापुढचा नंदी. पाणी नंदीच्या खुराला लागलं की गुरवानं घंटा बडवायची आणि खालच्या गल्लीनं बोचकी उचलून शाळेत जायचं. पणजोबाच्या काळापासूनचा रिवाज. हसू नका. ती माणसं शहाणी होती. नंदी त्यांनी खालच्या गल्लीच्या उंबऱ्यांपेक्षा हातभर खालीच बसवला होता. एकोणनव्वदच्या पुरात घंटा झाली, गल्ली रिकामी झाली. आठ घरं पडली, पण माणूस एक गेलं नाही.

मग शहाण्णव साली जीर्णोद्धाराचं खूळ निघालं. कमिटीचा म्होरक्या वीरभद्र, अडत दुकानदार, बोलला की चार घरं पलीकडं ऐकू जायचं. देव चिखलात बसतो हे गावाला शोभतं का, असं त्यानं विचारलं. आता याला कोण नाही म्हणणार? लेव्हलची दुर्बीण लावता येणारा गावात एकटा शशी. त्यानं हौसेनं मोजून दिलं, नंदीचा चौथरा चार फूट उचला, म्हणजे एकोणनव्वदचं पाणी पुन्हा आलं तरी नंदी कोरडा. उचलला. शशीला फेटा बांधला, नारळ दिला. त्याची थोरली बहीण महादेवी, आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं, सगळा गाव तिला अक्काच म्हणे. तिनं त्या सांजेला भावाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

पुढच्याच पावसाळ्यात तो खालच्या गल्लीत उतरून बघतो तर काय. पाणी खालच्या गल्लीच्या उंबऱ्याला लागलेलं आणि लोक निवांत चहा पितायत. का, तर नंदी कोरडा हाय की! त्या खेपेला पाणी उतरलं. पण शशीला कळून चुकलं, गावाची घंटा त्यानं स्वतःच्या हातानं चार फूट उशिरा करून ठेवली होती. आणि त्याच गल्लीत, मातीच्या भिंतींच्या घरात, विधवा अक्का एकटी राहत होती.

त्यानं काय नाही केलं? वीरभद्राच्या हातापाया पडला, नंदी होता तिथं घ्या म्हणाला. वीरभद्र म्हणाला, देव एकदा वर चढवला की खाली आणत नाहीत, गावावर कोप होईल. मग शशीनं दीपमाळेवर जुन्या खुराच्या उंचीला तांबडी रेघ मारली. बायकांनी तिला हळदकुंकू लावलं आणि पुढल्या जत्रेला कमिटीनं अख्खी दीपमाळ ऑइलपेंटनं रंगवून टाकली. त्यानं गल्लीतल्या एकेचाळीस घरांची उंची मोजली, कुठलं घर किती पाण्यात जाईल याचा नकाशा काढून साहेबाला दिला. साहेब म्हणाला, पाणी वाचायचं काम तुझं, अर्थ लावायला आम्ही आहोत. तो अर्थ कुणी लावलाच नाही. अक्काला घरी न्यायला तर तो दर पावसाळ्यात यायचा, पण नवऱ्याचा उंबरा सोडायला ती राजी नव्हती. घंटा झाली की येते म्हणायची.

दोन हजार पाचचा जुलै. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले होते आणि पट्टीवर पाणी तासाला चार बोटं चढत होतं. सकाळी ड्यूटीवर जाताना शशी अक्काच्या दारात थांबला. अंगणात घोटाभर पाणी. आत बोचकं बांधून तयार, त्यावर इष्टलिंगाच्या पूजेचं तबक, आणि अक्का बाजेवर बसलेली.

"नंदीला लागलं का रे?"

"अक्का, नंदी मीच वर उचललाय. त्याच्यावर नको जाऊस."

"तू उचललास म्हंजे द्येवानंच उचलून घेतला की. घंटा झाली की निघतो, जा तू."

तिला खांद्यावर टाकून न्यायला हवं होतं. हे तो पुढं जन्मभर म्हणत राहिला. पण तासाची नोंद चुकेल म्हणून तो गेला. बावीस वर्षांत एक नोंद चुकली नव्हती, त्या मेल्या नोकरीची हीच काय ती शान.

दुपारी तीनला पाणी त्याच्या नकाशातल्या, अक्काच्या घराच्या आकड्याला टेकलं. वही तशीच टाकून तो पळत सुटला. गल्लीकडं जाणारी पाणंद बुडालेली. गुऱ्हाळवाल्या गुंडूनं गूळ आटवायची काहील पाण्यात सोडली होती, तीत बसून दोघं गल्लीत शिरले. लेकुरवाळी घरं आपणहून वर निघून गेली होती. जाताना सगळ्यांनी अक्काला हाका मारल्या, पण घंटा न्हाय झाली, एवढंच तिचं उत्तर.

अक्काची मागची भिंत बसली होती. त्या दोघांनी हातानं चिखल उपसला. आधी तबक लागलं, मग बोचकं, मग अक्काचा हात. शशीनं तो हात धरला आणि तेवढ्यात देवळात घंटा वाजायला लागली. गुरव बिचारा इमानानं बडवत होता. पाणी नंदीच्या खुराला लागलं होतं.

लागलं आणि तिथंच थांबलं. झालं! महादेवानं गाव राखलं म्हणून चहूकडं बोलबाला झाला. दिवाळीनंतर वीरभद्र आणि कमिटी शशीच्या घरी आली. देवाच्या खुराला पाणी लागलं हे काही बरं झालं नाही, चौथरा आणखी उचलायचा, तर लेव्हल धरून दे, असं म्हणणं.

शशीनं कुणाशी वाद घातला नाही.

"उचला किती पायजे तितका," तो म्हणाला. "घंटेची वाट बघत बसायला खाली माझं कुणी न्हाय आता."

वीरभद्रानं कोल्हापुरातनं दुसरा माणूस आणला. जत्रेआधी नंदी तीन फूट वर गेला. खालच्या गल्लीत घरं पुन्हा जुन्याच जोत्यांवर उभी राहिली.