कुट्टीत गेलेला मोबाइल

ते प्रकरण आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

मी दहावी नापास. शिपाई म्हणून भरती झालो, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. इंग्रजीवाचून माझा एकही तपास अडला नाही.

बारामतीच्या ठाण्यात दिवसपाळीला होतो. इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवणारे एक सर तक्रार अर्ज घेऊन आले. मोबाइल चोरीला गेला होता. संशय क्लासमधल्याच, कळस गावच्या एका मुलीवर. अर्ज इंग्रजीत. वर मलाच विचारतात, "वाचता येईल ना?"

म्हटलं, "चोर ओळखता येतो. तेवढं पुरे."

मुलगी नर्सिंग झालेली. पुण्यात दवाखान्यात नोकरी लागली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी. तोवर इंग्रजी बोलता यावं म्हणून हा क्लास. चोरीचा गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच म्हणायची.

क्लासच्या जिन्याखाली एक मावशी चहाची टपरी चालवायच्या. ज्याला कुणी विचारत नाही त्याला सगळं माहीत असतं, हा माझा अनुभव. मावशी हळूच म्हणाल्या, "फोनचं मला ठावं न्हाय, सायब. पर ती पोर काल रडत उतरली. वर पोरीस्नी कडी लावून बसवत्यात. पाणी प्यायचं आसलं तरी इंग्रजीत नीट इचारल्याबिगर दार उघडत न्हाईत. आन् चुकली की हसत हसत शूटिंग काढत्यात."

कळस दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, म्हणून त्या ठाण्याला कळवून, महिला पोलीस सोबत घेऊन मी कळसला गेलो. मुलगी खाली मान घालून गोठा झाडत होती. तिची आई अंगणात कोयत्यानं कडवळाचा हिरवा चारा तोडत होती. शेजारी चारा बारीक करायचं कुट्टीचं यंत्र बंद.

"यंत्र असताना कोयता कशाला?"

"काल पातं मोडलं, सायब. दगुड गेला आसंल. आन् ह्या बयेनं सगळा चारा उकिरड्यावर फेकला. गुरांला घालू म्हणून देईना."

मी गोठ्यातच वाढलेला. ऐन उन्हाळ्यात हिरवा चारा कुणी फेकत नाही. उकिरडा काठीनं उकरला. कुट्टीत काचेचे तुकडे चमकले. रागानं फोन यंत्रात घालणाऱ्या पोरीनं काच गुरांच्या पोटात जाऊ दिली नव्हती. हिला चोर कसं म्हणायचं?

मुलगी एकदम बोलली. "व्हय, मीच घातला. मला लघवीला जायचं हुतं, काका. तीनदा इचारलं, तिन्ही वेळा चुकलं. सर हसत शूटिंग करत हुते. मग मला आवरलं न्हाय. सगळ्यांसमोर. तरी शूटिंग चालूच. ग्रुपवर टाकतो म्हणाले. मग सुटताना टेबलावरचा त्यांचा फोन उचलून आणला."

महिला पोलिसानं तोंड फिरवलं. आईनं कोयता टाकून पोरीला जवळ घेतलं.

सरांना ठाण्यात बोलावलं.

"कडी कोण लावायचं?"

"शिस्त आहे ती. त्याशिवाय भाषा येत नाही."

"आणि शूटिंग?"

"चुका त्यांनाच कळाव्यात म्हणून."

"मग ग्रुपवर कशाला?"

बाहेरच्या बाकावर, आम्ही निरोप धाडून बोलावलेल्या, क्लासच्या आणखी मुली आईबापांसह येऊन बसल्या होत्या. त्या दाराच्या फटीतून सरांना दिसल्या. मी म्हणालो, "फोन कुणी मोडला ते लिहितो. का मोडला तेही लिहितो. दोन्ही एकाच कागदावर."

सरांनी टेबलावरच्या पेल्याकडं बोट केलं. "जरा... पाणी... मिळेल का..." तेही धड बोलता येईना. मी पेला पुढं केला. वाक्य काही दुरुस्त केलं नाही.

त्यांनी अर्ज मागं घेतला. मुलींची तक्रार मात्र आम्ही घेतली आणि गुन्हा नोंदला. मुलगी फोन भरून द्यायला तयार होती, पण तो मागायला सर परत फिरकले नाहीत.

माणूस काही मागतो तेव्हा त्याची गरज ऐकायची, भाषा नंतर. एवढं शहाणपण या केसनं मला दिलं, आणि ते शिकलेल्या लोकांना नाही याची चीड येते. गेल्या वर्षी माझी बायको पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात होती. तरुण डॉक्टर इंग्रजीत विचारायचे. हिला एकच शब्द यायचा, ओके. लोक हसतील म्हणून कळ दाबत, चादर मुठीत आवळून ओके म्हणत राहिली. डॉक्टर तेवढंच लिहून घेऊन पुढच्या खाटेकडं जात राहिले. तिथंच ती गेली.

कळसची ती मुलगी आता नर्स आहे. खाटेजवळ गेली की आधी "कुठं दुखतंय, आज्जी?" असं विचारते, तिची आई फोनवर सांगत होती.

माझ्या बायकोला तेवढंच कुणी विचारलं नाही.