दादाच्या गाडीचा रेडिएटर

"जुन्या रेडिएटरचा सगळा गंज काढायचा नसतो, तोच भोकं बुजवून धरतो," असं मिस्त्री गिऱ्हाइकांना दटावून सांगे. त्याचा थोरला भाऊ मात्र आपली गाडी चार गल्ल्या ओलांडून भलत्याच गॅरेजात नेई. हे मिस्त्रीला आयुष्यभर सलत राहिलं.

भाऊ गेल्यावर वहिनीने गाडी त्याच्याकडे आणली. मिस्त्रीने तीन दिवस खपून, ॲसिड घालून, उलटं पाणी सोडून आतला गंज कण न् कण काढला. मग पाणी भरलं, तर रेडिएटर चाळणीसारखा गळू लागला. मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला.

"हे म्हणायचेच, भावोजी," वहिनी हळूच म्हणाली, "लोकांच्या गाड्या तो नीट करतो. माझी हाती लागली, तर जीव ओतेल आणि वाट लावेल."