आईच्या बोटाला लागलेली गाठ

कोमट जिलेटिनचा वास आला की मला गुलमंडीमागचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. थोरली बहीण तेव्हा मायक्रोवेव्ह लहरींनी शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या यंत्रावर संशोधन करत होती. त्याच्या चाचणीसाठी तिनं जिलेटिन, तेल आणि भांड्यांचा साबण आईच्या पातेल्यात शिजवून स्तनाचा नमुना बनवला आणि आत एक घट्ट गोळा लपवला. "गेलं माझं पातेलं कामातून," आई कुरकुरली. मी नुकतीच शहागंजात बायकांना स्तनांच्या तपासणीची पत्रकं वाटून आले होते. 'लाजू नका, तपासून घ्या' हे त्यातलं वाक्य माझंच, आणि त्याचा मला केवढा अभिमान! वड्या थिजल्या का बघावं तसा आईनं नमुन्यावर हात फिरवला. एका जागी तिचं बोट थांबलं. "गाठ इथं हाय. यंत्र कशाला लागतंय?" बहीण हसली, "अगं आई, बोटाला लागायच्या आधी दिसावी म्हणून!" आई हसली नाही. बोट तिथंच ठेवून म्हणाली, "मला बी अशीच लागती. पोळ्यापासनं." "मग सांगितलं का नाही?" मी ओरडलेच. "तुम्ही दोघी लई कामात होता गं." दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. आठवड्यानं कळलं, गाठ साधी होती. परतताना रिक्षात तिनं माझ्या पिशवीतून एक पत्रक काढलं, डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "अक्षर लई बारीक केलंस." आता मी प्रत्येक पत्रक छापायला देण्याआधी घरी मोठ्यानं वाचते, आणि ती भाकरी थापायची थांबून ऐकते.